सालीआडचा सहप्रवासी

वैद्यांच्या औषधिसंग्रहात तालीसपत्र या नावाने ज्याची पाने येतात तो हिमालयीन फर आणि सैबेरियाच्या तैगा अरण्यात अफाट मुलूख व्यापून उभा असलेला फर हे एकाच गोत्रातले वृक्ष होत. आणि या गोत्राचे एक वैगुण्य असे की, पाइनच्या लाकडात राळेच्या ज्या नलिका स्वभावतःच असतात, त्या फरच्या निरोगी लाकडात मुळी नसतात. त्याची राळ सालीतल्या फोडांत साठते (सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांसाठी शास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या जो कॅनडा बाल्सम वापरीत आले, तो अशा फोडांतलाच), आणि लाकडात नलिका तयार होतात त्या जखम झाल्यानंतर.

या विलंबाचा लाभ घेणारा भुंगेरा काही मिलिमीटर लांबीचा असतो. परंतु तो एकटा येत नाही. त्याच्या अंगाला चिकटून आलेले बुरशीचे बीजाणू, मादी अंड्यांसाठी बोगदा कोरीत असता, अंतर्सालीत रुजतात, तेथून कोवळ्या लाकडात उतरतात, आणि मुळांकडून शेंड्याकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटा बंद पाडतात. मला सर्वांत विस्मयकारक वाटते ती या बुरशांची प्रवासाची तजवीज: वाऱ्यावर भिस्त न ठेवता त्या बोगद्याच्या भिंतीवर सूक्ष्म देठ उभारतात, देठांच्या टोकांशी बीजाणूंचे चिकट थेंब धरतात, आणि बाहेर पडू पाहणारी भुंगेऱ्यांची नवी पिढी त्या थेंबांना घासूनच पुढे जाते.

पश्चिम अमेरिकेतील फरवरच्या भुंगेऱ्याची अशी सहचर बुरशी अर्नेस्ट राइट यांनी 1935 मध्ये वर्णिली. 1965 मध्ये केंड्रिक व मोल्नार यांनी दुसऱ्या एका भुंगेऱ्याबरोबरची बुरशी नोंदविली. परंतु खरा धडा सैबेरियाचा. जपान व रशियाचा अतिपूर्व इलाखा येथील ‘पॉलिग्राफस प्रॉक्सिमस’ हा भुंगेरा, ज्याचा प्रत्येक डोळा दुभंगलेला असल्याने त्याला चतुर्नेत्र म्हणतात, त्या मुलखातील फरशी दीर्घ काळ जुळवून राहिला होता. साल न काढलेल्या ओंडक्यांबरोबर, बहुधा रेल्वेने, तो पश्चिमेस गेला, आणि त्याच्यासवे ‘ग्रॉसमानिया आओशिमे’ ही त्याची बुरशीही गेली. सैबेरियन फरला या जोडगोळीचा पूर्वपरिचय नव्हता. 2008 च्या सुमारास तेथे या भुंगेऱ्याची ओळख पटली. मात्र मृत वृक्षांची वलये तपासता, तो त्यापूर्वी कित्येक वर्षे तेथे ठाण मांडून होता असे निष्पन्न झाले. दरम्यान वाळलेल्या झाडांचा दोष अन्य कारणांच्या खाती जमा होत राहिला.

वृक्ष मारते कोण, भुंगेरा की बुरशी, याविषयी अभ्यासकांत जुना वाद आहे. बुरशी केवळ लाभार्थी प्रवासी आहे असे मानणारा पक्ष दुर्बळ नाही. तथापि निरोगी सैबेरियन फरच्या अंतर्सालीत ही बुरशी टोचल्यास तेथील ऊती मरतात, हे प्रयोगांनी दाखविले आहे, आणि म्हणून तिला निव्वळ प्रवासी म्हणणे मला मान्य होत नाही. युरोपच्या वनस्पती-संरक्षण संघटनेने या भुंगेऱ्याला संसर्गरोधाच्या यादीत घातले, हे उचितच झाले. आल्प्स व कार्पेथियन पर्वतांतील रुपेरी फरची अरण्ये वाचवावयाची, तर सरहद्दीवरच्या तपासनिसाने ओंडक्यातला कीटक शोधून थांबता कामा नये, कापलेल्या लाकडाच्या कडेवरील बुरशीचा काळसर डागही न्याहाळला पाहिजे, आणि ओंडका तोडीच्या ठिकाणीच सोलला जाईल असा दंडक घातला पाहिजे.