सिकलसेल संशोधन आणि वस्त्यांचा सहभाग

सिकलसेल हा विदर्भाला नवा आजार नव्हे. भारतातील त्याची पहिली नोंद सन १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी तो मध्य भारतातही असल्याचे दाखवून दिले. वर्धा जिल्ह्यातील गोंड, प्रधान व बौद्ध वस्त्यांना त्याचे नाव अपरिचित नाही.

वेदनांचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध प्रथम सिद्ध झाले ते १९९५ मध्ये, अमेरिकेतील प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या प्रौढ रुग्णांवर. आपल्याकडील सिकलसेलचा जनुकीय प्रकार निराळा आहे. त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुढेही अधिक प्रमाणात टिकते. त्यावरून भारतीय रुग्णांचा आजार सौम्य असतो, असे लिहिले गेले. नागपूरच्या मुलांचा अभ्यास झाला तेव्हा मात्र अनेकांना तीव्र आजार असल्याचे आढळले. तेथेच झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेनेही या मुलांचे झटके घटले. अमेरिकेतील चाचणीत मात्रा १५ पासून चढवीत ३५ मिलिग्रॅमपर्यंत नेण्याची मुभा होती. अल्प मात्रेने गुण येत असेल तर खर्च कमी, रक्तपेशी घटण्याची धास्तीही कमी. हे उत्तर येथील मुलांच्या सहभागाविना मिळाले नसते.

मग आमच्या परिसरातील वस्त्या अशा अभ्यासांपासून दूर का राहतात? दोष त्यांचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. "रक्त नेता, मंग सांगाले कोणी येत नाही," हे आमच्याही पथकास ऐकावे लागले. अहवाल पोहोचविण्यात विलंब आमच्याकडूनच झाला होता. दुसरी भीती लग्नाची. वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते. पतिपत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळास आजार होण्याची शक्यता चारात एक असते. परंतु 'एएस' ही दोन अक्षरे गावात फुटली की मुलीचे जुळलेले स्थळ मोडते.

एका सभेत एका वृद्ध बाईंनी विचारले, "आमच्याच मोहल्ल्याचं रक्त काहून? साऱ्या गावाचं घ्या ना!" प्रश्न रास्त होता आणि शास्त्रशुद्धही, कारण कुणबी व तेली समाजांतही वाहक आढळतात. तेव्हापासून आम्ही साऱ्या गावाची तपासणी शाळेत एकत्रच करतो. संमतीपत्र वाचून दाखविले जाते, नकार दिल्यास उपचारांत अंतर पडणार नाही हे आधीच सांगितले जाते, आणि अहवाल बंद पाकिटात ज्याचा त्याच्या हाती दिला जातो. कापूस वेचणीच्या दिवसांत शिबिर सायंकाळी भरते. दिवसा शेतमजूर स्त्रिया वावरातच असतात.