आधी वाटणी, मग धर्मादाय

कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण 1930 मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला सुमारे 35 लाख रुपये दिले होते आणि उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी ते खर्च व्हावेत, असा हेतूही लिहून ठेवला होता. त्यातून 1942 मध्ये नागपुरात लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. 'एलआयटी' म्हटलं की वऱ्हाडातल्या कुठल्याही शिकल्यासवरल्या घरात ओळख लागते. 2023 मध्ये तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं.

रक्कम मोठी होती यात शंका नाही, पण मला त्या माणसाचं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच कारणाने. पैसा त्याने 1923 पासून चालू असलेल्या संस्थेच्या हाती सोपवला आणि तो कशासाठी वापरायचा हे नेमकं सांगितलं.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र 'ट्रस्ट करून टाकू' हे वाक्य बहुधा वेगळ्याच सुरात ऐकू येतं. दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, कुठलाही तालुका घ्या. मुलगा हिंजवडीत, मुलगी परदेशात, गावात जुना वाडा, वीस-पंचवीस एकर वावर आणि दोघं म्हातारी माणसं. भावकीशी धुऱ्यावरून जुनं वैर. मग कुणीतरी सुचवतं की इस्टेट ट्रस्टमध्ये टाका, टॅक्सही वाचेल आणि कुणाच्या हातीही लागणार नाही.

टॅक्सचं आधी निकालात काढू. ब्रिटनमध्ये ठरावीक मर्यादेवरच्या वारसा मालमत्तेवर 40 टक्के कर लागतो आणि धर्मादाय संस्थेला दिलेला भाग त्यातून सुटतो. तिथल्या श्रीमंतांचे वकील ट्रस्टचा विचार आधी करतात, त्यामागे हे मोठं कारण आहे. आपल्याकडे 1953 मध्ये आलेला मृत्यूकर 1985 मध्ये रद्द झाला. बापाची इस्टेट मुलाकडे आली म्हणून त्यावर आज कर नाही. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली तरच, आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. एवढ्यासाठी वाडा देऊन टाकणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार.

दुसरी समजूत जास्त घातक आहे. सार्वजनिक विश्वस्त मंडळात टाकलेली मालमत्ता 'आपलीच राहते', असं पुष्कळांना वाटतं. ती राहत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 चा आहे. त्याच्या कलम 36 नुसार अशी स्थावर मालमत्ता विकायची, बदलायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि घर किंवा अकृषिक जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरीही लागते. उत्पन्नाचा फायदा संस्थापकाच्या नातेवाइकांकडे वळला, तर आयकराची सूट धोक्यात येते. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अहवाल, आणि दरवर्षी लेखापरीक्षण. नातू पुण्याहून येऊन 'आजोबांचा वाडा' म्हणेल, पण कागदावर तो वाडा मंडळाचाच असेल.

घरच्याच माणसाची सोय करायची असेल, समजा मतिमंद मुलाची आईबापांमागची काळजी असेल, तर त्यासाठी 1882 च्या कायद्याखालचा खासगी ट्रस्ट आहे. तो वेगळा, धर्मादाय वेगळा. दोन्हींची खिचडी केली की पुढे वकिलांचंच भलं होतं. मुस्लिम कुटुंबांत दोन्हींची सांगड घालणारा वक्फ-अलल-औलाद आहे. प्रिव्ही कौन्सिलने 1894 मध्ये तो जवळपास मोडीत काढला होता. 1913 च्या कायद्याने तो पुन्हा मान्य झाला, अर्थात शेवटचा लाभ गरिबांना किंवा धर्मकार्यालाच मिळेल या अटीवर. ख्रिस्ती माणसाला तर जवळचे नातेवाईक असतील तर मरणाच्या किमान वर्षभर आधी केलेल्या मृत्युपत्रानेच धर्मादाय देता येत असे. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं.

हिंदू कुटुंबात खरा प्रश्न वडिलोपार्जित इस्टेटीचा असतो. स्वकष्टार्जित आहे ते हवं त्याला द्या. वडिलोपार्जित असेल तर कर्त्याला जिवंतपणी धर्मकार्यासाठी तिचा अल्पसा, वाजवी भागच देता येतो. मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. लेकींचाही त्यात जन्मतः हक्क आहे. 2005 च्या दुरुस्तीवर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा शिक्का मारला आहे. वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन नेरला गेलेल्या मुलीला न विचारता अख्खं वावर गावच्या शाळेला लिहून दिलं, तर शाळेच्या वाट्याला आधी येईल ती दिवाणी न्यायालयातली तारीख.

वावराचं तर आणखी अवघड आहे. विदर्भाला 1958 चा स्वतंत्र कूळकायदा लागू आहे. शेतकरी नसलेल्याच्या नावे शेतजमीन करायची तर परवानगी लागते, आणि संस्था म्हणजे शेतकरी नव्हे. मृत्युपत्राने ही परवानगी टाळता येईल असं काहींना वाटतं. गुजरातमधल्या अशाच तरतुदीवर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. म्हणून तलाठ्याकडे फेरफारासाठी जाण्याआधी वकिलाकडे जावं.

विश्वस्त कोण असावेत, यावर गाडगेबाबांइतका स्पष्ट माणूस आपल्या वऱ्हाडाने दुसरा पाहिला नसेल. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या, त्या विश्वस्तांच्या हवाली केल्या आणि स्वतःच्या गोतावळ्याला त्यापासून लांब ठेवलं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर 1949 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आपल्याकडच्या ट्रस्टच्या यादीत अध्यक्ष वडील, सचिव मुलगा, कोषाध्यक्ष सून असते. अशा मंडळाला गावात कुणी धर्मादाय म्हणत नाही, आणि बरोबरच आहे. निम्म्याहून जास्त माणसं घराबाहेरची हवीत. त्यात एखादी गावातली शिक्षिका, एखादा निवृत्त बँकवाला. त्यांना मुदत हवी, आणि एखादा वारला तर पुढचा कसा निवडायचा तेही लिहिलेलं हवं. हेतू लहान आणि नेमका ठेवावा. 'समाजकल्याण' लिहिण्यापेक्षा 'तालुक्यातल्या नर्सिंग शिकणाऱ्या मुलींची फी' लिहिलेलं बरं. काळ बदलून तो हेतूच अशक्य झाला, तर न्यायालयाकडून जवळचा दुसरा हेतू ठरवून घेण्याची सोय 1950 च्याच अधिनियमाच्या कलम 55 मध्ये आहे, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही.

माझ्या मते आपल्याकडच्या शंभरातल्या नव्वद घरांना नव्या ट्रस्टची गरजच नाही. नोंदणी, हिशेब, लेखापरीक्षण, बैठका, हे सत्तरीनंतर कोण करणार? लेकरांचे, लेकींचे हिस्से आधी कागदावर वेगळे करा. बायकोच्या हयातीपर्यंत राहतं घर तिच्याकडेच राहील, असं लिहा. उरेल त्यातली रोकड किंवा मुदत ठेव एखाद्या चालू संस्थेला कायम निधी म्हणून द्या, मूळ रकमेला हात न लावता व्याजातून खर्च करण्याच्या अटीवर. जमीन किंवा घर हयातीत द्यायचं असेल तर बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच.

आणि देण्याआधी त्या संस्थेचं पाणी जोखा. धर्मादाय कार्यालयातून तिच्या नोंदवहीचा उतारा आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागवा. विश्वस्तांची नावं, त्यांची आडनावं आणि शेवटचा बदल अहवाल कधी मंजूर झाला ते बघा. हिशेब दाखवायला जी संस्था कां-कूं करते, तिला आपल्या हयातीत एक रुपयाही देऊ नका, मृत्युपत्राने तर मुळीच नको.