लेखणीची मिश्र शेती



गावच्या शाळेत असा एखादा मुलगा असतोच. गणितात यथातथा, पण निबंध असा लिहितो की गुरुजी त्याची वही दुसऱ्या वर्गात नेऊन वाचून दाखवतात. जत्रेत सिनेमा पाहून आला की चार दिवस तो सगळी गोष्ट सांगत सुटतो, आणि वर "शेवट असा करायला नको होता" हेही सांगतो. मग एके दिवशी त्याचा बाप शाळेत येतो आणि विचारतो, "गुरुजी, पोरगं लिहितंय बरं, पण लिहून पोट भरतं का हो?"

याला नुसते 'हो' म्हणणे ही फसवणूक होईल आणि नुसते 'नाही' म्हणणे हा त्या मुलावर अन्याय होईल. एकाच तऱ्हेच्या लिखाणावर पोट सहसा भरत नाही. तीन-चार तऱ्हा हाताशी असल्या आणि कागदपत्र जागेवर असले, तर भरू शकते. आज हेच जरा उलगडून सांगणार आहे.

कोरडवाहू शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. बाजरीत तो तुरीचे पाटे टाकतो, बांधाकडेला अंबाडी पेरतो. बाजरी गेली तर तूर हाती लागते. पगार न घेता, कामागणिक मानधन घेऊन लिहिणाऱ्याला आपण मुक्त लेखक म्हणतो. त्याचीही शेती अशीच, पावसावरची.

याचे एक नामांकित उदाहरण म्हणजे ख्वाजा अहमद अब्बास. जन्म १९१४, गाव पानिपत. १९३५ च्या सुमारास ते मुंबईच्या 'बॉम्बे क्रॉनिकल' या दैनिकात बातमीदार झाले. पुढे चित्रपटांची परीक्षणे लिहू लागले. दुसऱ्यांचे चित्रपट पाहता पाहता त्यांना पटकथेची नाडी सापडली, आणि १९४१ साली त्यांच्या कथेवर 'नया संसार' निघाला. त्याचा विषय कोणता? वर्तमानपत्राचाच! जे रोज पाहिले, त्यावरच त्यांनी पहिली कथा उभी केली. पुढे १९५१ चा 'आवारा' त्यांनी व्ही. पी. साठे यांच्या जोडीने लिहिला. तरीही वृत्तपत्रातले 'शेवटचे पान' हे आपले साप्ताहिक सदर त्यांनी सोडले नाही. १९८७ साली निधन होईपर्यंत, चाळीसहून अधिक वर्षे, ते चालले. स्वतः काढलेले त्यांचे बरेच चित्रपट गल्ल्यावर चालले नाहीत. पण एक पीक बुडाले म्हणून त्यांचे शिवार ओस पडले नाही.

आपल्या माणदेशचे व्यंकटेश माडगूळकर घ्या. त्यांनी कथा, कादंबरी, नाटक, पटकथा लिहिल्या आणि रेखाचित्रेही काढली. शिवाय पुण्याच्या आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांची नोकरी अनेक वर्षे केली. तेव्हा लेखकाने नोकरी करणे हा काही कमीपणा नव्हे. दावणीला एक बैल कायमचा असला की नांगरट अडत नाही.

आता हाताचे कसब पाहू. एकच प्रसंग घेऊ. समजा, जत्रेत तंबूतला सिनेमा रंगात आला आहे. वळीव सुटतो, तंबू फडफडू लागतो, बांबू डगमगतात. प्रेक्षक पळत नाहीत. आठ-दहा जण उठून बांबू धरून उभे राहतात आणि सिनेमा शेवटापर्यंत पाहतात.

वर्तमानपत्राला हे पाठवायचे, तर कल्पनेला थारा नाही. जत्रा कोणती, वार कोणता, तंबूत माणसे किती, तिकीट कितीचे, तंबूवाल्याचे नुकसान किती, हे विचारून लिहायचे. त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत द्यायचे. तंबूचा धंदा पूर्वी कसा होता आणि आज कसा आहे, हेही विचारायचे. संपादकाने चारशे शब्द मागितले तर चारशेच द्यायचे, आणि सांगितलेल्या दिवशी द्यायचे. वेळ पाळणारा साधा लेखक संपादकाला वेळ चुकवणाऱ्या पंडितापेक्षा जवळचा वाटतो.

हाच प्रसंग चित्रकथेत आणायचा, तर लेखकाला आधी चौकटी मोजाव्या लागतात. आपल्याकडे चित्रकथेला मोठा वाचक मिळवून दिला तो अनंत पै यांनी. 'अमर चित्र कथा' ही त्यांची माला १९६७ साली सुरू झाली. तिचे पुस्तक साधारण बत्तीस पानांचे, आणि एका पानावर पाच-सहा चौकटी. तेवढ्यात सारे महाभारतसुद्धा घडवायचे असते! राम वाईरकरांसारखे मराठी चित्रकार या मालेत होते. लेखक चित्रकाराला चौकटीगणिक सांगतो. पहिली चौकट: काळा ढग, खाली उजळलेला तंबू. दुसरी: झुकलेला बांबू. तिसरी: एक म्हातारी दोन्ही हातांनी बांबू कवटाळून उभी, नजर मात्र पडद्यावर. तिच्या तोंडाजवळच्या फुग्यात फक्त चार शब्द: "थांबा, नायक येतोय अजून!" जे चित्रात दिसते ते फुग्यात पुन्हा लिहायचे नाही. नवशिक्याची चूक नेमकी इथे होते; तो फुगा इतका भरतो की म्हातारी त्याखाली झाकून जाते.

आणि पटकथा? तिथे प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर लिहावे लागते: तंबूच्या आत की बाहेर, दिवस की रात्र. खाली जे डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल तेवढेच. 'म्हातारीला तिचा मुंबईला गेलेला मुलगा आठवला' असे वाक्य कादंबरीत शोभते. कॅमेऱ्याला ते दिसत नाही. मग तिच्या कनवटीला त्या मुलाचे दुमडलेले पत्र द्या, आणि पावसात भिजू नये म्हणून ती ते काढून चोळीत ठेवते, असे दाखवा. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. आपल्या चित्रपटांत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामे कित्येकदा तीन माणसे करतात. ज्याच्या कानात गावची बोली घोळते, त्याला संवादांच्या दाराने आत शिरता येते.

बी एकच, पिके तीन. पण श्रोतेहो, पीक आले तरी खळ्यावरची राखण उरतेच.

१९३८ साली अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी 'सुपरमॅन' हे आपले पात्र प्रकाशकाला विकले. मोबदला १३० डॉलर, आणि त्यातच सगळे हक्क गेले. त्या पात्रावर इतरांनी अमाप पैसा केला. या दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलरांचे निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून नाव मिळाले ते १९७५ साली, तेही वर्तमानपत्रांतून ओरड झाल्यावर. सही करताना एका कागदाकडे नीट पाहिले नाही, आणि सदतीस वर्षे गेली.

मीही एकदा चहाच्या टेबलावर एका निर्मात्याला एक अख्खी गोष्ट ऐकवली होती. "वा, वा!" झाले. दोन वर्षांनी तिचाच गाभा पडद्यावर पाहिला. माझ्याजवळ कागदाचा कपटा नव्हता. कुणापाशी तक्रार करणार?

आणि केली असती तरी? १९७८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 'हम हिंदुस्थानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांच्या वादात निकाल दिला, की नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपावर. नाटककार हरले. यातून घ्यायचे ते एवढेच: गोष्ट सांगण्याआधी लिहून काढा, तारीख घाला, प्रत जवळ ठेवा. मुंबईतली पटकथालेखकांची संघटना, स्क्रीनरायटर्स असोसिएशन, आपल्या सभासदांच्या लिखाणाची नोंद करून घेते. तिचा लाभ घ्यावा.

१९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूला बराच उभा आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती वर्षांसाठी दिले हे लिहिले नसेल, तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जातात. २०१२ च्या दुरुस्तीने असे झाले, की चित्रपटगृह सोडून इतर मार्गांनी चित्रपट दाखवला गेला तर त्यातल्या लेखकाचा स्वामित्वधनाचा वाटा त्याला सोडून देता येत नाही. कुणी तसे लिहून घेतले तरी ते टिकत नाही. आज घरोघरी मोबाईलवर चित्रपट पाहिले जातात, तेव्हा ही बाब लहान नाही. अर्थात कायद्यात आहे म्हणून पैसा आपोआप दारी येत नाही. मागावा लागतो, आणि मागायला हातात कागद लागतो.

म्हणून सहीपूर्वी तीन प्रश्न विचारा. पैसे किती आणि कधी? हक्क कोणते आणि किती वर्षांचे? माझे नाव कुठे येणार? विचारायला लाजू नका. बैल विकताना आपण लाजतो का?

शिक्षकमित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. येत्या आठवड्यात गावातला एखादा प्रसंग वर्गाला द्या. काही मुलांना त्याची बातमी लिहू द्या, काहींना सहा चौकटींत मांडू द्या, काहींना तो नाट्यप्रसंग म्हणून लिहू द्या. मग एकमेकांच्या वह्या वाचायला लावा. कुणाचा हात कुठे चालतो ते तुम्हाला तासाभरात कळेल. आणि प्रत्येकाला वहीवर नाव आणि तारीख घालायची सवय लावा.

मग तो बाप पुन्हा आला, तर त्याला सांगता येईल, "पोराला लिहू द्या. पण एकाच पिकावर बसू देऊ नका, आणि सातबारा सांभाळतो तसा लिहिलेला कागद सांभाळायला शिकवा."