ढोलाच्या गजरातही सनई ऐकू कशी येते?

शिमग्यात गुहागर तालुक्यातल्या वाड्यांमधून पालखी निघते, तेव्हा सोबत खालूबाजा असतो: ढोल, टिमकी, झांज आणि सनई. एवढ्या गजरातही सनई लांबवर स्पष्ट ऐकू येते. ढोलाचा जोर खालच्या कंपनांवर असतो. सनईच्या स्वरात मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कंपने ठासून भरलेली असतात. त्यांतली बरीच सेकंदाला 2000 ते 5000 या पट्ट्यात येतात आणि नेमकी तिथेच आपल्या कानाची ग्रहणशक्ती सर्वांत तीव्र असते.

हा स्वर जन्मतो तो तोंडाशी बसवलेल्या पातळ दुहेरी पत्तीत. फुंकर मारली की ती झपाट्याने उघडते-मिटते, पण तिची गती ठरवतो नळीतल्या हवेचा स्तंभ.

नळीचा आकारही महत्त्वाचा. सनई खाली रुंदावत जाते. जोर वाढवला की ‘सा’वरून वरचा ‘सा’ मिळतो. लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटची नळी मात्र बरीचशी एकसारख्या रुंदीची आणि तोंडाशी बंद. तिच्यात विषम पटींची कंपने वरचढ ठरतात, म्हणून ‘सा’वरून उडी थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर! मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. याच कारणाने साधारण तेवढ्याच लांबीच्या पाश्चात्त्य बासरीपेक्षा क्लॅरिनेट जवळजवळ सप्तकभर खाली उतरते.

आणि सनईवाल्याचा न तुटणारा दम? गालांत साठवलेली हवा तो पत्तीत ढकलत राहतो आणि त्याच क्षणी नाकाने श्वास घेतो.