पेल्यातील थर का बिघडतात?

खानदेशात फळांना तोटा नाही. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीच्या बागा प्रसिद्धच आहेत. 'जळगाव केळी'ला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पलीकडे शिरपूर व शहादा भागात पपई पिकते. शाळेचा निरोप समारंभ किंवा घरचा वाढदिवस असला, की या फळांचे आणि गोड चक्क्याचे थर लहान लहान काचेच्या पेल्यांत रचून प्रत्येकाच्या हाती एकेक पेला द्यावा, अशी कल्पना सहज सुचते.

पण पेले सकाळी अकराला भरले आणि समारंभ सायंकाळी पाचला झाला, तर काय दिसते? केळी काळपट पडलेली, पपईलगतचा थर कडवट झालेला, तळाशी पाणी साचलेले आणि वरचे क्रीम बसलेले! यात हाताला चव नसण्याचा प्रश्न नाही. या चारही बिघाडांची कारणे विज्ञानात सापडतात. ती एकेक करून पाहू.

प्रथम केळे घेऊ. केळ्याच्या पेशींत डोपामीनसारखे काही पदार्थ असतात, आणि त्यांच्यापासून वेगळ्या कप्प्यात एक विकर असते. विकर म्हणजे रासायनिक क्रिया जलद घडवून आणणारे प्रथिन. सुरीने पेशी कापल्या गेल्या की दोघांची गाठ पडते. हवेतील ऑक्सिजन मिळताच क्रिया सुरू होते आणि तपकिरी रंगद्रव्य तयार होते. लिंबाचा रस येथे दोन प्रकारे उपयोगी पडतो. त्यातील आम्लामुळे विकराचे काम मंदावते, आणि 'क' जीवनसत्त्व अर्धवट झालेली क्रिया मागे फिरवते. तिसरा उपाय म्हणजे चकत्यांचा हवेशी संबंधच तोडणे, म्हणजे त्या चक्क्याच्या थराखाली पूर्ण झाकणे.

मग केळी न सोलता फ्रिजमध्ये ठेवली तर? साल काळी पडते. केळे हे उष्ण प्रदेशातील फळ. सुमारे १३ अंश सेल्सिअसखाली त्याच्या सालीतील पेशींची पटले बिघडतात आणि वरचीच क्रिया सालीत घडते. म्हणून केळ्यांच्या शीतगृहात तापमान १३ ते १४ अंशांच्या आसपास राखतात.

आता पपई. तिच्या चिकात पपेन नावाचे विकर असते. ते प्रथिनांचे तुकडे करते. कच्च्या पपईत ते भरपूर असते. पिकलेल्या फळात कमी झाले तरी दुधातील कॅसीन या प्रथिनावर परिणाम करण्याइतके उरते. कॅसीनचे काही तुकडे चवीला कडू असतात. अननसातील ब्रोमेलीन हे विकरही असेच काम करते. विकर हे प्रथिन असल्याने उष्णतेने त्याची रचना मोडते. पपेन मात्र चिवट आहे. फोडी नुसत्या कोमट करून भागत नाही, त्या काही मिनिटे चांगल्या उकळाव्या लागतात. डबाबंद अननस त्रास देत नाही, कारण डब्यात भरताना तो तापवलेला असतो.

तळाशी पाणी येण्याचे कारण परासरण. फळावर साखर भुरभुरली की तिचा दाट पाक होतो आणि तो पेशींतील पाणी बाहेर ओढतो. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटते, तसेच हे. म्हणून साखर फळावर न घालता चक्क्यात घालावी, आणि चक्काही निवळी पूर्ण गळेपर्यंत टांगावा. उन्हाळ्यात मात्र तो फ्रिजमध्येच टांगा. बाहेर ठेवल्यास दह्यातील जीवाणू काम चालूच ठेवतात आणि चक्का आंबट होतो.

राहिले क्रीम. घुसळताना त्यात हवेचे बुडबुडे शिरतात आणि स्निग्धांशाचे कण एकमेकांना चिकटून त्यांच्याभोवती भिंत उभारतात. ही भिंत टिकायला स्निग्धांश काहीसा घट्ट हवा आणि प्रमाणानेही ३० टक्क्यांहून कमी नको. दुधातील स्निग्धांश ४० अंशांच्या सुमारास पूर्ण वितळतो. जळगावचा मे महिन्यातील पारा कधी कधी ४५ अंशांपलीकडे जातो. तेव्हा भिंत उभी राहणार कशी? म्हणून भांडे बर्फात ठेवून घुसळावे. फार वेळ घुसळू मात्र नये, नाहीतर कण पूर्ण एकत्र येतात आणि लोणी निघते.

बिघाड केवळ चवीचा असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्नातील जीवाणू वाढू शकतात. माणसाच्या त्वचेवर व नाकात आढळणारा स्टॅफिलोकॉकस असे विष तयार करतो, की जे उकळल्यानेही सहसा नष्ट होत नाही. शिवाय वास वा चव बदलेलच असे नाही. म्हणून हात साबणाने धुवा. बोटाला जखम असेल त्याने हे काम करू नये. पेले फ्रिजमध्येच ठेवा आणि उन्हाळ्यात बाहेर काढल्यावर तासाभरात संपवा.

वीस पेल्यांसाठी १ किलो चक्का, ४०० ग्रॅम पिठीसाखर, ३०० ग्रॅम घुसळलेले क्रीम, १० केळी व एक मध्यम पपई पुरे. चक्का, साखर व क्रीम हलक्या हाताने एकत्र करा. उकळून, निथळून, थंड केलेली पपई तळाशी घाला. त्यावर चक्क्याचा थर द्या. मग दोन वाट्या पाण्यात एका लिंबाचा रस पिळून त्यात मिनिटभर बुडवलेल्या केळ्याच्या चकत्या ठेवा आणि पुन्हा चक्क्याने झाका. वर डाळिंबाचे दाणे शोभतात. चक्का, क्रीम व पपई आदल्या दिवशी तयार ठेवता येते. केळी मात्र आयत्या वेळी कापावी.

दोन प्रयोग वर्गात करून पाहा. केळ्याच्या तीन चकत्या घ्या. एक उघडी, एक साध्या पाण्यात बुडवलेली, एक लिंबाच्या पाण्यात बुडवलेली ठेवा. दर दहा मिनिटांनी रंग नोंदवा. दुसऱ्या प्रयोगात दोन वाट्या उकळून गार केलेले दूध घ्या. एकीत कच्चीच कुस्करलेली पिकी पपई मिसळा, दुसरीत उकळलेली. तासाभराने दोन्हींची चव घ्या. शिक्रणाच्या दुधात लिंबू का पिळत नाहीत, चक्क्याला मात्र ते का चालते, याचे उत्तर तुम्हीच शोधा. दही लागते तेव्हा दुधाचे काय होते, ते आठवले की ते सापडेल.