ऑक्टेन वाढवणारी रसायने

ऑक्टेन हे पेट्रोलच्या ताकदीचे माप नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी वेळेआधी पेट न घेण्याचा पेट्रोलचा गुण त्यातून कळतो. आयसोऑक्टेनला 100 आणि एन-हेप्टेनला 0 धरून ही मोजपट्टी ठरली आहे. सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगची ठिणगी पडली की पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रमाने जळत जायला हवे. ऑक्टेन कमी पडला तर उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि धातूवर हातोडी पडावी तसा टकटक आवाज येतो. गॅरेजमध्ये त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. ते चालूच राहिले तर पिस्टन निकामी होऊ शकतो. वेगवान गाड्यांत मिश्रण दाबण्याचे प्रमाण, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, जास्त असतो किंवा टर्बो हवा दाबून भरतो, म्हणून त्यांना चढा ऑक्टेन लागतो.

नॉकिंगवरचा पहिला स्वस्त उपाय फार महागात पडला. 1921 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना टेट्राइथाइल लेड या शिशाच्या संयुगाचा गुण सापडला. लिटरमागे ग्रॅमच्या काही अंशाएवढे शिसेही नॉकिंग थांबवी, पण ते धुरातून हवेत जाई आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करी. मुंबईत नायगाव, परळ, लालबागच्या चाळींजवळून जाणाऱ्या डॉ. आंबेडकर मार्गावरची वाहनेही अनेक दशके हेच पेट्रोल जाळत होती. शिशामुळे गाडीचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निकामी होतो. त्यामुळे एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत असा कन्व्हर्टर बसवलेल्या नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसे बंद झाले.

आता ऑक्टेन मुख्यतः रिफायनरीतच वाढतो. नायगावच्या पूर्वेला, वडाळ्यापलीकडे माहूलला दोन मोठ्या रिफायनऱ्या आहेत. अशा ठिकाणी कच्च्या तेलातून निघणाऱ्या नाफ्थ्याच्या रेणूंची रचना बदलून चढ्या ऑक्टेनचे घटक तयार करतात. इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे 108 असल्याने त्याचीही मदत होते. 2001 मध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग मिरज आणि मनमाड इथे झाले. आता प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले आहे. मात्र लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून मायलेज थोडे घटते.

दुकानातल्या ‘ऑक्टेन बूस्टर’च्या बाटल्यांत बहुधा मँगनीजचे एमएमटी, लोहाचे फेरोसीन किंवा टोल्युइनसारखे द्रव असतात. एमएमटी आणि फेरोसीन थोड्या मात्रेत काम करतात, पण त्यांची राख प्लगवर साचते. फेरोसीनचा थर तांबूस असतो आणि त्यामुळे ठिणगी कमजोर होऊ शकते. टोल्युइनची राख राहत नाही, पण फरक जाणवायला ते बऱ्याच प्रमाणात घालावे लागते. बाटलीवरचा ‘पॉइंट’ही नीट समजून घ्यावा. या धंद्यात एक पॉइंट म्हणजे बहुधा ऑक्टेनचा दहावा भाग, म्हणजे ‘पाच पॉइंट’ची वाढ 91 वरून 91.5 एवढीच.

साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला जास्त ऑक्टेनने जोर येत नाही. चढ्या ऑक्टेनसाठी बनवलेल्या इंजिनात मात्र कमी ऑक्टेनचे पेट्रोल पडले की नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे ढकलतो आणि ताकद घटते. योग्य पेट्रोल भरले की ती परत मिळते. अशा गाड्यांसाठी मुंबईत डिसेंबर 2020 पासून 100 ऑक्टेनचे पेट्रोलही पंपावर मिळू लागले आहे. गाडीला किती ऑक्टेन हवा ते मालकाच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर दिलेले असते. तेवढ्या ऑक्टेनचे पेट्रोल पंपावर मिळत असेल, तर बाटलीची गरज उरत नाही.