जुन्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांची मांडणी

आमच्या पुष्कळ वाचकांच्या खळ्यांत जुना ट्रॅक्टर अद्याप कामावर आहे. तो सडकेवर डोलतो, वळणानंतर सरळ येत नाहीं, अशी तक्रार असली म्हणजे बहुधा स्टिअरिंगच्या पेटीस दोष देण्यांत येतो. आमच्या मतें प्रथम पुढच्या चाकांची मांडणी तपासावी. नांगरटींत हा दोष चालकाच्या मनगटांस शिणवितो, एवढेंच. परंतु तेंच यंत्र उसाची ट्रॉली घेऊन सडकेस लागलें म्हणजे प्रश्न जिवाचा होतो.

वळणांत आंतील चाकास लहान व बाहेरील चाकास मोठें वर्तुळ चालावें लागतें. चार चाकांच्या घोडागाडींत पूर्वीं पुढचा सबंध आंस मधल्या खिळ्यावर फिरवीत. त्याऐवजीं प्रत्येक चाक आपापल्या खिळ्यावर फिरावें व आंतील चाक अधिक वळावें, ही युक्ति लँकेनस्पर्गर नामक जर्मन कारागिरानें काढिली व १८१८ सालीं रुडॉल्फ अ‍ॅकरमन ह्यानें तिचें इंग्लंडांत पेटंट घेतलें. ट्रॅक्टरचीं चाकें ह्याच तत्त्वावर वळतात.

ह्या खिळ्यास, म्हणजे किंगपिनास, दोन कल असतात. वरचें टोंक किंचित् मागें झुकलेलें असतें. त्यास कॅस्टर म्हणतात. सायकलच्या पुढच्या चिमट्याप्रमाणें त्याच्या योगानें चाक आपण होऊन सरळ येऊं पाहतें. दुसरा कल आंतल्या बाजूस असतो. त्यामुळें खिळ्याची रेषा चाक टेकतें त्या जागेच्या जवळ जमिनीस मिळते, आणि ढेकळाचा किंवा दगडाचा धक्का हातास कमी बसतो. बुश झिजून खिळा ढिला झाला कीं हे दोन्ही कल बिघडतात व चाक थरथरूं लागतें.

तिसरी गोष्ट टो-इनची. दोन्ही चाकें पुढच्या बाजूस किंचित् जवळ असावींत. चालतांना जमिनीच्या रोधानें तीं बाहेर फांकूं पाहतात. ती ओढ ह्यानें भरून निघते. टो-इन बिघडलें तर टायर घासून लवकर झिजतात, आणि चाकें पुढें फांकलीं असल्यास यंत्र वाट सोडतें.

हॅरी फर्ग्युसनच्या टीई-२० ह्या ट्रॅक्टरांत (कॉव्हेंट्री, १९४६ ते १९५६) मांडणी विशेष होती. दोन चाकांस जोडणारा आडवा दांडा त्यांत नाहीं. पेटीपासून प्रत्येक चाकास स्वतंत्र दांडा जातो. आंसाचे बाहू तिरकस मागें गेलेले असल्यानें चाकें रुंद करतांना तीं बाहेर व मागें सरकतात, आणि दांड्यांची लांबी बदलावी लागत नाहीं. आपल्याकडे परिचित असलेला मॅसे फर्ग्युसन ३५ ह्याच घराण्यांतला होय. अशा यंत्रांत टो-इन बदलतांना दोन्ही दांडे सारखेच फिरवावेत. एकच फिरविल्यास यंत्र एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस कमी वळेल.

टो-इन मोजण्यास दोरी, खडू व फूटपट्टी पुरे. सपाट जागीं चाकें सरळ करावींत. दोन्ही टायरांच्या मध्यावर, पुढच्या बाजूस, तुंब्याच्या उंचीवर खडूनें खूण करून त्यांतील अंतर मोजावें. मग यंत्र पुढें लोटून त्याच खुणा मागच्या बाजूस तितक्याच उंचीवर आणाव्यात व पुन्हां मोजावें. पुढचें माप जितकें कमी, तितकें टो-इन. नेमका आंकडा निर्मात्याच्या पुस्तिकेंतून घ्यावा.

मात्र मोजण्यापूर्वीं पुढचें चाक जॅकवर उचलून हातानें हलवून पाहावें. किंगपिन, बेअरिंग, दांड्यांचे गोळे व आंसाचा मधला खिळा ह्यांपैकीं जें ढिलें असेल तें आधीं बदलावें. ढिल्या सांध्यावर घेतलेलें माप दुसऱ्या दिवशीं टिकत नाहीं. वांकलेला बाहू भट्टींत तापवून सरळ करूं नये. त्याची ताकद जाते.

अखेरीस एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मांडणी कितीही निर्दोष असली तरी चाक जमिनीवर दाबलेलें असेल तरच तें वळवितें. मागें ओझें वाढलें कीं पुढचा भार हलका होतो. चढावर तर चाकें उचललीं जाण्याचा धोका असतो. तेव्हां पुढें वजनें लावावींत, ट्रॉली बेताची भरावी, आणि ती ठरलेल्या खालच्या हुकासच जोडावी. एक दिवसाची ही तपासणी गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येकानें करावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.